लेखणीचा खोळंबा

लेखनाचा व्यासंग ज्यांनी वर्षानुवर्षे केला आहे, त्यांना एका विलक्षण अवस्थेचा परिचय केव्हा ना केव्हा झालेला असतोच. विषय निश्चित असतो, त्यासंबंधीची टिपणे दप्तरात जुळवून ठेवलेली असतात, पूर्वी चार पुस्तके लिहून हात सराईत झालेला असतो, वेळही मोकळा असतो. आणि तरीही कागदाच्या माथ्यावर 'श्री' काढून झाल्यावर पुढचे वाक्य उमटत नाही, आणि उमटलेच तर ते तत्काळ खोडून टाकावेसे वाटते. असा दिवस जातो, मग आठवडा जातो, आणि काही दुर्दैवी लेखकांच्या बाबतीत वर्षेच्या वर्षे निघून जातात. आळस ही याहून निराळी गोष्ट आहे. आळशी मनुष्य मेजापासून दूर असतो आणि त्या दूरपणात त्याला सुख असते. हा मनुष्य मेजाशी बसलेला असतो आणि त्या बसण्यानेच खचत जातो. या अवस्थेची कारणे कोणती, तिच्यावर आजवर कोणी काय इलाज सांगितले आणि त्यांपैकी कोणते अनुभवाच्या कसोटीस उतरले, याचा विचार आपल्याकडे बहुधा साहित्यिकांच्या आठवणींत व मुलाखतींत जाता जाता होतो. तो येथे सलग करण्याचा हेतू आहे. माझे मत आरंभीच नमूद करतो. रचना करणे आणि रचनेचा न्यायनिवाडा करणे ही दोन कामे एकाच बैठकीत एकाच मनाकडे सोपविल्यामुळे हा खोळंबा बहुतेक वेळा उत्पन्न होतो, आणि ज्या उपायांना यश आले आहे ते कोणत्या ना कोणत्या रीतीने या दोन कामांची फारकत करणारे आहेत. मात्र लेखकाचे प्रत्येक मौन हा खोळंबाच असतो असे मानणे अन्यायाचे होईल. त्याचाही विचार पुढे येईल.

या अवस्थेला वैद्यकीय धाटणीचे नाव मिळाले ते अलीकडे. व्हिएन्नाहून न्यूयॉर्कला येऊन स्थायिक झालेले मनोविश्लेषक एडमंड बर्गलर यांनी १९४७ च्या सुमारास 'रायटर्स ब्लॉक' हा शब्दप्रयोग प्रचारात आणला आणि पुढे लेखक व मनोविश्लेषण या विषयावर एक स्वतंत्र ग्रंथही लिहिला. बर्गलर हे फ्रॉइडच्या परंपरेतले. लेखणी अडण्याचे मूळ त्यांनी शैशवातील स्तन्यपानाच्या अवस्थेत, मातेविषयीच्या नेणिवेतील रोषात आणि स्वतःलाच पीडा करून घेण्याच्या सुप्त प्रवृत्तीत शोधले. परंतु लिहिणारा, लिहिता लिहिता थांबलेला आणि पुन्हा लिहू लागलेला अशा तिघांचीही संगती ज्या उपपत्तीने सारख्याच सुलभतेने लागते, तिच्यातून प्रत्यक्ष अडलेल्या माणसाच्या हाती फारसे काही पडत नाही. बर्गलर यांचे श्रेय एवढेच, पण ते थोडे नव्हे, की जी गोष्ट लेखक लाजेखातर झाकून ठेवीत होते ती त्यांनी उपचारयोग्य म्हणून चारचौघांत मांडली.

नाव नवे असले तरी दुखणे जुने आहे. इंग्रज कवी कोलरिज याने १८०४ साली आपल्या बत्तिसाव्या वाढदिवसाच्या सुमारास टिपणवहीत एक वर्ष जवळजवळ निष्फळ गेल्याची खंत लिहून ठेवली आहे. त्याची उत्कृष्ट कविता तोवर बहुतांशी लिहून झाली होती आणि पुढे तीस वर्षांचे आयुष्य शिल्लक होते. अफूचे व्यसन, विस्कटलेला संसार, शरीरप्रकृतीच्या तक्रारी ही त्याची कारणे चरित्रकारांनी दिली आहेतच. पण त्या पिढीच्या काव्यविषयक श्रद्धेचाही यात वाटा असावा असे मला वाटते. स्फूर्ती ही बाहेरून अवतरणारी, कवीच्या इच्छेच्या अधीन नसलेली शक्ती आहे, असे एकदा मानले की ती येत नाही तोवर वाट पाहणे हे कवीचे कर्तव्यच ठरते, आणि वाट पाहण्याला प्रतिष्ठा मिळाली की ती संपण्याचे कारण उरत नाही.

आपल्या परंपरेत प्रतिभेचे माहात्म्य काही कमी नाही. परंतु प्रतिभेच्या जोडीला नित्याच्या कामाचा बंदोबस्त कसा करावा याचा जो बारीक विचार एका ग्रंथात झाला आहे, त्याला तोड मला अन्यत्र आढळलेली नाही. तो ग्रंथ म्हणजे राजशेखराची 'काव्यमीमांसा'. राजशेखर हा नवव्या शतकाच्या उत्तरार्धातला आणि दहाव्याच्या आरंभीचा. कनोजच्या प्रतीहार राजांचा आश्रित, पण कुळाने यायावर, आणि ज्याच्या पणजोबाचा, अकालजलदाचा, उल्लेख 'महाराष्ट्रचूडामणी' असा होतो त्या घराण्यातला. शतकानुशतके दृष्टीआड राहिलेला हा ग्रंथ १९१६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून छापून निघाला. त्याच्या दहाव्या अध्यायात कविचर्या सांगितली आहे, आणि ती वाचताना हजार वर्षांपूर्वीचा एक व्यवसायनिष्ठ लेखक समोर बसून बोलत असल्याचा प्रत्यय येतो.

राजशेखर कवीच्या दिवसाचे प्रहर पाडून देतो. पहाटे उठून संध्या व सरस्वतीची उपासना झाल्यावर पहिला प्रहर अध्ययनाचा; त्यात विद्या आणि उपविद्या यांचा अभ्यास करावयाचा. दुसरा प्रहर रचनेचा. मध्याह्नी स्नान व भोजन, त्यानंतर मित्रमंडळींत काव्यगोष्टी. आणि चौथ्या प्रहरात एकट्याने किंवा मोजक्या जाणकारांसह सकाळी केलेल्या रचनेची परीक्षा. परीक्षा त्याच वेळी का करू नये, याचे कारण तो स्पष्ट सांगतो: रसाच्या आवेशात रचना करणाऱ्याची दृष्टी त्या क्षणी विवेक करणारी नसते, म्हणून नंतर, शांत झाल्यावर, जास्तीचे काढावे, कमी पडलेले भरावे, जागा चुकलेले हलवावे आणि विसरलेले आठवून घालावे. लिहिणारा आणि तपासणारा ही एकाच देहात नांदणारी दोन माणसे आहेत व त्यांच्या हजेरीच्या वेळा निराळ्या ठेवल्या पाहिजेत, हे तत्त्व याहून नेमकेपणाने क्वचितच कोणी मांडले असेल. शिवाय हा शास्त्रकार साधनांनाही विसरत नाही. पेटी, फळा व खडू, लेखणी, दौत, ताडपत्रे किंवा भूर्जपत्रे, इतकेच नव्हे तर चांगली सारवून गुळगुळीत केलेली भिंतदेखील कवीच्या हाताशी सदैव असावी, असे तो सांगतो. सुचलेले टिपण्याआधी साहित्याची शोधाशोध करावी लागू नये, हा त्यातला व्यवहार.

ग्रंथ अपुरे राहण्याची कारणे देताना तर तो आजच्या कोणाही लेखकाच्या वर्मावर बोट ठेवतो. नंतर पुरे करीन, नंतर संस्कार करीन, मित्रांशी चर्चा करून मग पाहीन, अशी कर्त्याची आकुलता त्याने देशातील उत्पाताच्या बरोबरीने ग्रंथनाशाच्या कारणांत गणली आहे. अर्धवट रचना दुसऱ्याला वाचून दाखवू नये, कारण ती अपुरी राहणे हेच त्याचे फळ, असेही तो बजावतो आणि याला कविरहस्य म्हणतो. यातले मर्म ज्याने आपल्या कादंबरीचे कथानक पुष्कळांना सांगितले आहे त्याला कळेल. सांगून झालेल्या गोष्टीची ओढ सांगण्यातच संपते आणि कागदापर्यंत येताना ती शिळी झालेली असते. दारिद्र्य, व्यसनासक्ती आणि अवज्ञा यांची गणना त्याने काव्यावरील महासंकटांत केली आहे, आणि कवित्वाच्या ज्या आठ माता त्याने सांगितल्या आहेत त्यांत प्रतिभा व अभ्यास यांच्या पंक्तीला स्वास्थ्य बसविले आहे आणि अनिर्वेद, म्हणजे खचून न जाणे, हेही बसविले आहे. मम्मटाने पुढे शक्ती, निपुणता आणि अभ्यास हे काव्याचे हेतू सांगितले, तेच पाठ्यक्रमांतून सर्वतोमुखी झाले. पण लिहिणाऱ्याच्या शरीरप्रकृतीची आणि मनाच्या उभारीची दखल घेणारी राजशेखराची यादी मला अधिक दयाळू वाटते.

त्याची आणखी एक विभागणी आजही उपयोगी पडते. गुहेसारख्या एकांतात शिरून निष्ठेने रचना करतो तो असूर्यंपश्य; रचनेत रमतो पण इतकी कडक निष्ठा ठेवीत नाही तो निषण्ण; चाकरी सांभाळून मिळालेल्या फुरसतीत लिहितो तो दत्तावसर; आणि एखाद्या प्रसंगाच्या निमित्ताने लिहितो तो प्रायोजनिक. पहिल्या दोघांना सर्व काळ मोकळा. तिसऱ्याला ठरावीक वेळाच, जसा रात्रीचा शेवटचा प्रहर किंवा भोजनोत्तर काळ. चौथ्याचा काळ प्रसंग ठरवील तो. मराठी लेखक पिढ्यान्‌पिढ्या तिसऱ्या व चौथ्या वर्गात मोडत आला आहे. कचेरीतून वा शाळेतून घरी आल्यावर लिहिणारा मास्तर, कारकून, वकील हाच आपल्या वाङ्मयाचा प्रमुख कर्ता. आणि काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढल्यापासून श्रावण-भाद्रपदात येणारा संपादकाचा तगादा हे त्याचे प्रयोजन. अशा लेखकाने स्वतःला असूर्यंपश्याच्या मापाने मोजले की खंतावण्याला अंत राहत नाही. आपला वर्ग कोणता हे ओळखणे हीच पुष्कळांच्या बाबतीत सुटकेची पहिली पायरी असते.

संतवाङ्मयात हा प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. ग्रंथारंभी मंगलाचरण करण्याची जी रीत आहे, तिची भक्तिमूलक बाजू सर्वपरिचित आहे. पण पहिले वाक्य काय लिहावे या संकटातून ती कवीला मुक्त करते, हाही तिचा गुण आहे. आरंभ परंपरेने ठरवून दिलेला असल्यामुळे हात चालू लागतो आणि विषयापाशी येईपर्यंत लय सापडलेली असते. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौदाव्या दशकात कवित्वाचे ढीट, पाठ आणि प्रासादिक असे तीन प्रकार सांगून श्रेष्ठत्व तिसऱ्याला दिले. आणि दररोज काहीतरी लिहीत जावे हा उपदेशही त्यांच्याच नावावर महाराष्ट्राच्या तोंडी आहे. प्रसाद मागून मिळत नाही आणि नेम आपल्या हातचा आहे, या दोन गोष्टी एका मनात विरोधाशिवाय राहू शकतात. कोलरिजच्या पिढीला त्यांतली पहिलीच तेवढी आठवली.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिमेकडे या प्रश्नाचा अभ्यास प्रयोगांनी होऊ लागला, आणि त्यातले दोन निष्कर्ष विशेष मोलाचे आहेत. माइक रोझ यांनी १९८० साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील दहा विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी पाच निबंध लिहिताना अडत आणि पाच अडत नसत. बुद्धीत किंवा भाषेत या दोन गटांत म्हणण्यासारखा भेद नव्हता. भेद होता तो मनात बाळगलेल्या नियमांत. अडणाऱ्यांपैकी एकीने ठरवून ठेवले होते की प्रत्येक वाक्य पहिल्याच खेपेस व्याकरणशुद्ध उतरले पाहिजे. दुसरीला कोणीतरी शिकविले होते की पहिल्या परिच्छेदाने वाचकाला पकडलेच पाहिजे, आणि त्या एका परिच्छेदावर तिचे तासच्या तास जात. तिसरी लिहिण्यापूर्वी इतका गुंतागुंतीचा आराखडा आखी की त्याचे निबंधात रूपांतर करायला मुदतच उरत नसे. न अडणाऱ्यांपाशीही नियम होते, पण निरुपयोगी ठरलेला नियम ते निःशंक बाजूला ठेवीत. आपल्याकडे शालेय निबंधलेखनात प्रस्तावना आकर्षक हवी, शेवट परिणामकारक हवा, सुभाषितांची पखरण हवी असे जे शिक्षण दिले जाते, त्याने किती होतकरू हात कायमचे आखडले असतील याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

दुसरा प्रयोग रॉबर्ट बॉइस यांचा, १९८३ साली प्रसिद्ध झालेला. लेखन अडलेल्या सत्तावीस प्राध्यापकांचे त्यांनी तीन गट पाडले. पहिल्या गटाने निकडीखेरीज काही लिहायचे नाही आणि केवळ कल्पनांची नोंद ठेवायची. दुसऱ्याने इच्छा होईल तेव्हा लिहायचे. तिसऱ्याने ठरल्या वेळी ठरलेली पाने लिहायचीच, आणि न लिहिल्यास ज्या संस्थेचा आपल्याला तिटकारा आहे तिला पैसे पाठविण्याचा दंड सोसायचा. पहिल्या गटाची दिवसाची सरासरी ०.२ पाने, दुसऱ्याची ०.९ आणि तिसऱ्याची ३.२ पाने अशी भरली. यात आश्चर्य थोडेच. विचार करण्यासारखी गोष्ट पुढेच आहे: नव्या कल्पना पहिल्या गटाला सुमारे पाच दिवसांतून एक, दुसऱ्याला दोन दिवसांतून एक आणि सक्तीने लिहिणाऱ्या तिसऱ्याला दररोज एक या मानाने सुचल्या. म्हणजे आधी सुचते आणि मग लिहिले जाते हा आपला समज जितका दृढ आहे तितका खरा नाही; लिहिण्यातून सुचणे हाच अधिक रुळलेला मार्ग आहे. प्रयोग लहान होता आणि त्यातले लेखक शास्त्रीय निबंध लिहिणारे होते, कवी नव्हते, हे ध्यानात ठेवूनही त्याचा निर्णय मला ग्राह्य वाटतो.

यालाच जुळणारे एक पत्र जर्मन कवी शिलर याने १७८८ साली कोर्नर या अडलेल्या मित्राला लिहिले होते, आणि फ्रॉइडच्या स्वप्नमीमांसेवरील ग्रंथात ते पुढे उद्धृत झाले. बुद्धी मनाच्या दारात उभी राहून आत येणाऱ्या प्रत्येक कल्पनेची झडती घेऊ लागली की कल्पना येईनाशा होतात. त्या एकमेकींच्या संगतीत आल्यावाचून त्यांची योग्यता ठरविता येत नाही, असा त्याचा आशय. डोरोथिया ब्रँड यांनी १९३४ साली पहाटे उठल्या उठल्या काहीही न वाचता-बोलता अर्धा तास लिहीत जाण्याचा जो नेम सांगितला, आणि पीटर एल्बो यांनी १९७३ साली हात न थांबविता, मागे न पाहता, ठरावीक मिनिटे लिहिण्याची जी रीत प्रसिद्धीस आणली, ती या विचाराची व्यावहारिक रूपे होत.

आपल्या पेढ्यांवरची जुनी वहिवाट या बाबतीत मला फार बोधक वाटते. दिवसभर जो व्यवहार होईल तो जसाच्या तसा, त्याच क्रमाने रोजकीर्दीत उतरवायचा. कोणाच्या खाती काय जमा, काय नावे याची खतावणी मागाहून, निवांत बसून. गिऱ्हाईक समोर उभे असताना जो कारकून खतावणीची वही उघडून बसेल त्याच्या दोन्ही वह्या बिघडतील. लेखकाची रोजकीर्द म्हणजे त्याचा कच्चा खर्डा. तो नव्या कोऱ्या, जाड, पांढऱ्या कागदावर लिहू नये असेच मी सुचवीन. एका बाजूला छापलेले, दुसरी बाजू मोकळी असलेले पाठकोरे कागद आपल्या घराघरांत साठवून ठेवलेले असतात. जुन्या निमंत्रणपत्रिका, परीक्षेच्या पत्रिका, कचेरीतली रद्द परिपत्रके. अशा कागदावर लिहिलेले वाक्य आपोआपच तात्पुरते असते. त्यावर कोणी निकाल देणार नाही, ते जपून ठेवायचे नाही, हे हाताला कळते आणि तो मोकळा होतो. मात्र या मुक्तलेखनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ज्याच्यापाशी सामग्री आहे त्याची ती वाट मोकळी करते. ज्याचे वाचन, निरीक्षण किंवा अनुभव अपुरा आहे त्याला ती सामग्री पुरवीत नाही. कित्येकदा लेखणी अडते ती आपल्याला विषय पुरता ठाऊक नाही म्हणून, आणि अशा वेळी मेज सोडून ग्रंथालयाची किंवा त्या त्या गावाची वाट धरणे हाच खरा इलाज होय. राजशेखराने पहिला प्रहर अध्ययनाला दिला तो याचसाठी.

नेमाच्या बाजूने साक्ष देणाऱ्यांत अँथनी ट्रोलप याचे नाव अग्रभागी घेतले जाते. टपालखात्यात नोकरी करीत असताना तो पहाटे साडेपाचला लिहायला बसे. वेळेवर उठविण्यासाठी घरच्या म्हाताऱ्या नोकराला वर्षाला पाच पौंड जादा देई. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचे वाचण्यात घालवी, आणि मग समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द लिही. अशा रीतीने त्याने सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. हे सर्व त्याच्या मृत्यूनंतर १८८३ साली आत्मचरित्रातून प्रसिद्ध झाले तेव्हा रसिकांना त्यात कारखानदारी दिसली आणि त्याच्या कीर्तीला काही काळ उतरती कळा लागली. मला त्यातली आदल्या दिवशीचे वाचण्याची चाल सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण त्यामुळे तो कधीच कोऱ्या जागेपासून आरंभ करीत नव्हता. हेमिंग्वे याची सवयही अशीच: पुढे काय होणार हे ठाऊक असतानाच थांबायचे, म्हणजे दुसऱ्या दिवशी चालू वाक्यालाच हात घालता येतो.

मुदतीचा धाक कितपत हितकारक, याविषयी मात्र पुरावा दोन्ही बाजूंचा आहे. दस्तयेव्हस्कीने स्टेलोव्हस्की नावाच्या प्रकाशकाशी असा करार केला होता की १८६६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत नवी कादंबरी न दिल्यास त्याचे सर्व लेखन नऊ वर्षे विनामोबदला छापण्याचा हक्क प्रकाशकाला मिळावा. महिनाभर उरला असता ॲना ग्रिगोर्येव्हना ही लघुलेखिका कामावर आली आणि 'जुगारी' ही कादंबरी सव्वीस दिवसांत तोंडी सांगून पुरी झाली. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक काढले आणि त्यांच्या कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने त्यात येत गेल्या. साप्ताहिकाची गरज नसती तर त्या लिहून झाल्या असत्या की नाही याची शंकाच आहे. पण त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याही राहिल्या. मुदत लेखणीला चालवते, सामग्री संपली असेल तर तीच तिला फरफटतही नेते.

तुरुंगात लिहिल्या गेलेल्या मराठी ग्रंथांचा दाखला या संदर्भात नेहमी दिला जातो, आणि त्यातून भलताच अर्थ काढला जातो. लोकमान्यांनी 'गीतारहस्या'चा खर्डा मंडालेच्या कारागृहात १९१० च्या नोव्हेंबरपासून १९११ च्या मार्चअखेरपर्यंत, अवघ्या पाच महिन्यांत, शिसपेनीने लिहून काढला हे खरे. पण वडिलांच्या अखेरच्या दुखण्यात, १८७२ साली, त्यांना गीतेवरील मराठी टीका वाचून दाखविताना ज्या शंका मनात उठल्या तेथून तो विचार सुरू झाला होता, असे त्यांनीच प्रस्तावनेत सांगितले आहे. जवळजवळ चाळीस वर्षांचे मनन आणि पाच महिन्यांचे लेखन असे ते प्रमाण आहे. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत लिहिली; तिच्यातली आई त्यांच्या अंतःकरणात जन्मभर वावरत होती. बंदिवास कोणालाही लेखक करीत नाही. त्याने इतकेच केले की रात्रंदिवस सार्वजनिक कामात गुंतलेल्या माणसांकडून इतर सर्व कामे काढून घेतली.

ज्यांना ती कामे कधीच सोडता आली नाहीत त्यांच्या मौनाकडे या विषयावरील बहुतेक ग्रंथ पाहतच नाहीत. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ साली स्वतःची खोली आणि वर्षाला पाचशे पौंड असा रोखठोक हिशेब मांडला. टिली ऑल्सन यांनी १९७८ साली संसार, मुले आणि मजुरी यांत लिहायचे राहून गेलेल्यांची कहाणी सांगितली. आमच्या खानदेशात बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती, वेळ नव्हता, कागद नव्हता. जात्यावर आणि शेतात काम करताना त्या रचीत गेल्या, मुलाने व आप्तांनी त्यातले काही टिपून ठेवले, आणि ग्रंथ निघाला तो त्यांच्या निधनानंतर १९५२ साली. जे टिपले गेले नाही त्याचे काय झाले, हा विचार मला अस्वस्थ करतो. लक्ष्मीबाई टिळकांकडे चिरंजीव देवदत्त यांनी वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी मागितल्या, आणि त्या निमित्ताने वयाच्या साठीनंतर 'स्मृतिचित्रे' अवतरली. पती नारायण वामन टिळकांच्या मृत्यूने आरंभीच खंडित झालेले 'ख्रिस्तायन'ही त्यांनीच पुढे नेऊन पुरे केले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंच्या लेखणीला खोळंबा ठाऊक नव्हता असे मी म्हणणार नाही, पण कसे लिहावे याविषयीचे अडवणारे नियम त्यांना कोणी शिकविले नव्हते, ही गोष्ट रोझ यांच्या पाहणीशी ताडून पाहण्याजोगी आहे.

यशातून आलेला खोळंबा हा याच्या अगदी उलट टोकाचा. रॅल्फ एलिसन याची पहिली कादंबरी १९५२ साली निघाली आणि अमेरिकन वाङ्मयात अढळ झाली. दुसरीवर तो १९९४ साली मरेपर्यंत काम करीत राहिला आणि मागे हजारो पाने ठेवून गेला, पण ती पुरी झाली नाही. नंतर संस्कार करीन, ही राजशेखराने वर्णिलेली आकुलता तीच. 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाचा जोसेफ मिचेल १९६४ नंतर कचेरीत नियमाने येत राहिला, आणि १९९६ साली वारला तोपर्यंत त्याचा म्हणण्यासारखा एकही लेख छापून आला नाही. अशा लेखकाला नवीन रचनेचा निवाडा आपल्याच जुन्या पुस्तकासमोर द्यावा लागतो, आणि त्या न्यायासनापुढे कच्चा खर्डा कधीच टिकत नाही.

मेंदूविज्ञानाने यात अलीकडे भर घातली आहे. बोस्टनच्या चेताविकारतज्ज्ञ ॲलिस फ्लॅहर्टी यांनी स्वतःच्या जुळ्या नवजात बालकांच्या मृत्यूनंतर अनावर लेखनाचा अनुभव घेतला आणि २००४ साली लिहिण्याची असह्य ओढ व लिहिता न येणे या दोहोंचा एकत्र विचार मांडला; ललाटखंड आणि शंखखंड या मेंदूच्या भागांचे कार्य व मनःस्थितीचे विकार यांच्याशी त्यांनी त्याचा संबंध जोडला. यातून व्यवहारात घ्यायचे ते इतकेच की लिहिण्याबरोबर झोप, भूक आणि जगण्यातली गोडीही गेली असेल तर तो वैद्यकाचा विषय आहे. तेथे नेम, दंड आणि मुदत यांचा मारा करणे क्रौर्याचे होईल.

आणि काही मौने दुखणी नसतातच. रिल्के याने आपल्या शोकगीतांची माला १९१२ साली दुइनोच्या किल्ल्यात आरंभिली. ती पुरी झाली १९२२ च्या फेब्रुवारीत, स्वित्झर्लंडमध्ये, आणि त्याच महिन्यात सुनीतांचा एक पूर्ण संग्रहही लिहून झाला. मधल्या दहा वर्षांत महायुद्ध होते. व्हालेरी याने १८९२ साली कवितेकडे पाठ फिरविली आणि पुढचे महत्त्वाचे काव्य प्रसिद्ध केले १९१७ साली. पण त्या अवधीत पहाटे उठून टिपणवहीत विचार लिहिण्याचा त्याचा परिपाठ अखंड होता. विश्राम बेडेकरांनी 'रणांगण' १९३९ साली लिहिली आणि पुन्हा कादंबरी लिहिली नाही. नाटके लिहिली, चित्रपट केले, उतारवयात आत्मचरित्र लिहिले. त्यांना दुसरी कादंबरी का लिहिली नाही असे विचारणाऱ्यांच्या मनात लेखकाविषयी आदर असेल, पण पुस्तकांची मोजदाद हेच लेखकाच्या आरोग्याचे माप समजण्याची चूकही त्यात आहे. भेद ओळखण्याची एक खूण मला विश्वासार्ह वाटते: जो थांबला आहे तो वाचतो, पाहतो, अन्य कामांत रमतो, जो अडला आहे त्याला वाचनही सोसवत नाही, कारण दुसऱ्याचे प्रत्येक चांगले वाक्य त्याला आरोपपत्रासारखे वाटते.

एका उपायाची चर्चा सर्वांत कमी होते, तो म्हणजे दुसरा माणूस. व्यासांनी महाभारत सांगावे आणि गणपतीने लिहावे या कथेत लिहून घेणाऱ्याची अट अशी की आपली लेखणी थांबता कामा नये, आणि व्यासांची प्रतिअट अशी की अर्थ कळल्याखेरीज लिहू नये. मध्ये मध्ये कूट श्लोक घालून व्यास पुढचे रचण्यापुरती उसंत मिळवितात. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीने ही कथा मूळ संहितेत धरलेली नाही. ती मागाहून कोणी घातली असेल त्याला लेखनाची अंतर्गत अडचण चांगली अवगत होती यात संशय नाही. समोर लिहून घेणारा बसला की सांगणाऱ्याला वाक्य खोडता येत नाही, पुढेच जावे लागते. दस्तयेव्हस्कीला लघुलेखिकेने दिले ते हेच. मराठीत हे काम काही काळ संपादकांनी केले. 'सत्यकथे'चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नव्या लेखकांना कथेतील नेमकी कोणती जागा दुबळी आहे, कोठे अनुभव निसटला आहे, हे सविस्तर पत्रांनी कळवीत, आणि तीच कथा पुन्हा लिहून मागवीत. 'साभार परत' या दोन शब्दांनी लेखणी थिजते, कारण तो निकाल असतो आणि त्यात पुढचे काम सांगितलेले नसते; कोणत्या पानावर काय करावे हे सांगणाऱ्या पत्राने तीच लेखणी दुसऱ्या दिवशी चालू होते. १९८२ साली ते मासिक बंद झाले. असे पत्र लिहिणारे संपादक आज विरळ झाले आहेत, आणि ज्या नियतकालिकांना वर्षातून एकच अंक काढायचा असतो त्यांच्यापाशी दुसऱ्या खर्ड्याची वाट पाहण्याइतकी सवड नसते. महाराष्ट्रातल्या साहित्यसंस्थांनी संमेलनाच्या मंडपावर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग बाजूला काढून दोन-चार जाणत्या संपादकांना हेच एक काम पगार देऊन सोपवावे, आणि पूर्ण झालेला कच्चा खर्डा पाठविणाऱ्या प्रत्येकाला तीन महिन्यांत लेखी उत्तर मिळेल अशी तजवीज करावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.